पुस्तकात नसलेला भाऊ

सँडहेवन,
२ मे १९३४

प्रिय अँब्रोझ काका,

हे पत्र माझं आहे, आत्याचं नाही. तिला कळलं तर ती मला टाइपरायटरसकट खिडकीबाहेर फेकेल. म्हणजे, तेवढी ताकद तिच्यात उरली असती तर.

डॉक्टर लॅम्बर्ट काल येऊन गेले. आत्याचं हृदय थकलं आहे. मला फाटकाशी गाठून म्हणाले, उन्हाळा निघेल, पुढचं सांगवत नाही. आत्याला त्यांनी यातलं काही सांगितलं नाही आणि तिनेही काही विचारलं नाही. दोघं मिळून गुलाबावरच्या किडीबद्दल मात्र खूप वेळ बोलले.

काका, ती तुमची वाट पाहते आहे. तसं ती म्हणत नाही. पण दुपारची गाडी येऊन गेली की विचारते, ‘कोणी उतरलं का गं?’ आमच्या घरातून स्टेशन दिसत नाही, हे तिला माझ्याइतकंच ठाऊक आहे.

आत्याचं ‘कर्नलची बाग’ हे पुस्तक छापून आलं त्या वर्षी तुम्ही नाताळला आला नाहीत आणि नंतर कधीच आला नाहीत. मी तेव्हा शाळेत होते. बाबा होते तोवर तुम्हा दोघा भावंडांचे निरोप तरी इकडून तिकडे करायचे. ते गेले आणि तेही थांबलं. आता मध्ये मी एकटी उरले आहे. या ना. एका दिवसापुरते तरी या.

तुमची,
थिओ


नेदर कॉम्बली,
७ मे १९३४

प्रिय थिओ,

विनीच्या तब्येतीचं वाचून वाईट वाटलं. तिला म्हणावं, समुद्रावरच्या वाऱ्यात बसताना डोक्यावर काहीतरी घेत जा. तिने आयुष्यात माझं कधी ऐकलेलं नाही, तरी म्हणावं.

येण्याचं म्हणशील तर नाही. तुझी आत्या थोर लेखिका आहे, सगळं इंग्लंड तिचं नाव घेतं, ठीक आहे. पण त्या पुस्तकात तिने काय केलं? एक निवृत्त कर्नल उभा केला. तो घरातल्यांना धाकात ठेवतो, गावच्या प्रदर्शनासाठी भोपळे लावतो, आणि कोणी पाहत नाही असं बघून भोपळ्याच्या देठात लोकरीचा दोरा ओवतो. दोऱ्याचं दुसरं टोक साखरपाण्याच्या बशीत. भोपळा फुगतो, कर्नल हॅमरटनला बक्षिसाचा कप मिळतो, आणि वाचणारे पोट धरून हसतात. आता बघ. मी निवृत्त मेजर. मी भोपळे लावतो. मला कप मिळतो. आमच्या गावात शेंबड्या पोरालाही कळलं तो कर्नल कोण ते. वाणी साखर बांधताना अजून माझ्याकडे बघून गालात हसतो.

आणि मी साखरपाणी कधीही घातलेलं नाही! शेणखत आणि संयम, बस्स.

पुस्तक मी वाचलेलं नाही, वाचणारही नाही. तुझ्या ड्रुसिला काकूनेही वाचलेलं नाही. पण आमच्या चर्चच्या व्हिकरच्या बायकोकडे चहाला सगळ्या जणी त्यावर बोलत होत्या. काकूने घरी येऊन मला सगळं सविस्तर सांगितलं. ‘अहो, हे तुम्हीच आहात, दुसरं कोण?’ असं म्हणताना ती रडकुंडीला आली होती.

विनीने लेखी माफी मागावी. त्याच दिवशी मी गाडीत बसतो.

सोबत आमच्या बागेतल्या रुबार्बच्या आंबट देठांची जुडी पाठवतो आहे. तिला उकडून दे. कोणी पाठवली ते सांगू नकोस.

तुझा काका,
अँब्रोझ


सँडहेवन,
१५ मे १९३४

प्रिय काका,

रुबार्ब पोचला. तुमचं नाव मी घेतलं नाही. आत्याने एक चमचा तोंडात घातला, डोळे मिटले, आणि म्हणाली, ‘इतका आंबट फक्त अँब्रोझच पिकवू शकतो.’ मग सगळी वाटी संपवली. गेल्या महिन्याभरात तिने एवढं एका वेळी खाल्लेलं मी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात मी माफीचा विषय काढून पाहिला. ती म्हणाली, ‘ज्याने पुस्तक वाचलंच नाही, त्याची माफी कशाबद्दल मागू? ऐकीव पुस्तकाबद्दल ऐकीव माफी चालेल का विचार.’

काका, रागावू नका, पण आपल्या घराची ही एक गंमतच आहे. सगळं जग आत्याची पुस्तकं वाचतं आणि आपल्यातलं कोणी वाचत नाही. बाबांनी तर सगळी पुस्तकं काचेच्या कपाटात लावून ठेवली होती. नवीन आलं की पुठ्ठा पाहायचे, ‘वा, छान’ म्हणायचे आणि कपाटाला कुलूप घालायचे. घरच्या माणसाचं लिहिलेलं वाचणं म्हणजे न्हाणीघराच्या दाराला कान लावण्यासारखं, असं त्यांचं मत. तुमचंही तेच असेल. मी वाचते ती केवळ टाइप करावं लागतं म्हणून.

तर मी ‘कर्नलची बाग’ पाठवते आहे. बियाणांच्या जाहिरातीच्या पुस्तकाचा पुठ्ठा त्यावर चढवला आहे. काकूला वाटेल, तुम्ही वाटाण्याच्या जाती पाहताय.

तुमची,
थिओ


नेदर कॉम्बली,
११ जून १९३४

प्रिय थिओ,

पुस्तक उघडलं. आरोप काय आहे ते तरी माणसाला कळायला नको का? वाचनाचा आनंद वगैरे काही नाही. व्हिकरच्या छत्रीचा प्रसंग आहे तिथे मला ठसका लागला, तो चहाचा होता.

माझं म्हणणं आता पुराव्यानिशी मांडतो. हा कर्नल सकाळी मोलकरणीची नखं तपासतो. मी कधी तपासली? तो वर्तमानपत्राची घडी पाहून सांगतो, कोणीतरी आधी वाचलंय. मला तर वर्तमानपत्र नेहमी उघडलेलंच मिळतं. पाहुणा खुर्चीवर टेकायच्या आत तो उशी सरळ करतो. आमच्याकडे उशीला हात लावायची मला परवानगी नाही. आणि ते अंडं! उकडलेल्या अंड्यावर तो चमच्याने तीनदा टकटक करतो आणि म्हणतो, ‘अंड्याला कळलं पाहिजे, घरात कोण आहे.’ छे! मी असलं काही बोलत नाही. असलं काही मी फक्त ऐकतो.

नाश्त्याला हाक आली. उरलेलं नंतर लिहितो.

अँब्रोझ


नेदर कॉम्बली,
१३ जून १९३४

थिओ,

हे पत्र तुझ्या काकूच्या दृष्टीस पडू देऊ नकोस. ती सँडहेवनला येण्याची शक्यता नाही, तरीही.

परवा नाश्त्याला बसलो. समोर अंडं. टक, टक, टक. आणि आवाज आला, ‘अंड्याला कळलं पाहिजे, घरात कोण आहे.’

आमच्या लग्नापासून मी रोज हे ऐकत आलो आहे. इतकं रोज, की ऐकू येईनासं झालं होतं. मी वर पाहिलं. ताठ मान, हनुवटी पुढे, चमचा तलवारीसारखा धरलेला. थिओ, आमच्या टेबलाशी कर्नल हॅमरटन बसला होता. नुसत्या मिशा नव्हत्या.

तेवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण पुस्तकात लिहिलंय म्हणून मी बागेत गेलो आणि भोपळ्याच्या वाफ्यातली पानं उचलून पाहिली. राखाडी लोकर, माझ्याच मोज्यांची. पलीकडे मातीत बसवलेली बशी. म्हणजे दिवाणखान्यातले ते सगळे कप तिचे आहेत. इतकी वर्षं ती माझ्यासाठी चोरून भोपळे फुगवते आहे, आणि मी लोकांना शेणखतावर व्याख्यानं देतो आहे.

विनीला हे कसं कळलं? आणि मुख्य म्हणजे, ड्रुसिलाला कळलं तर माझं काय होईल?

अँब्रोझ


सँडहेवन,
२० जून १९३४

प्रिय काका,

आत्याला विचारलं. फार पूर्वी, तुमचं नवं नवं लग्न झालं होतं तेव्हा, काकूनेच तिला सांगितलं होतं म्हणे. ‘यांचा भोपळा हरला की हे आठवडाभर जेवत नाहीत, वन्सं. मी काय करू?’ तेव्हा दोघी हसून हसून लोळल्या होत्या. काकू ते विसरली असावी. आत्या काहीच विसरत नाही, हाच तर तिचा धंदा आहे.

म्हणजे भांडण मिटलं! तुम्ही कर्नल नाही, तुमचा अपमान झालेलाच नाही. आता या. आत्याने जिना उतरणं सोडलं आहे. तिची खाट मी खिडकीशी लावली आहे. चार ओळी सांगितल्या की तिला धाप लागते. काका, मी घाबरले आहे, सरळच सांगते.

कोणत्या गाडीने येता ते कळवा.

थिओ


नेदर कॉम्बली,
३० जुलै १९३४

प्रिय थिओ,

उत्तराला उशीर झाला, कारण मी वाचत होतो. एक वाचलं, म्हटलं बाकीचीही पाहावीत. शेजारच्या गावच्या वाचनालयातून आणली, आपल्या गावातून आणायची सोय नाही. सगळी वाचली.

थिओ, मी कुठे आहे?

आमच्या लहानपणच्या घरी दूध घालणारी बाई आहे. स्टेशनावरचा तोतरा हमाल आहे, त्याला तर तिने श्रीमंत करून टाकलंय. आई पहिल्याच पुस्तकात आहे. तुझे बाबा दोनदा आहेत, एकदा तर व्हायोलिन वाजवताना. दात काढणारा डॉक्टर आहे. ड्रुसिलाला अख्खं पुस्तक दिलंय. आमचा कुत्रा बॉस्को, जो आयुष्यभर जिन्याखाली झोपून होता, त्याला दोन प्रकरणं!

आणि ऐक. विनी लहानपणी गिरणीच्या तळ्यात पडली होती. मी बुटांसकट उडी मारली. मला पोहता येत नव्हतं, तिला येत होतं, शेवटी तिनेच मला काठावर ओढलं, ते सोड. उडी मी मारली. पुस्तकात ती उडी बॉस्कोने मारली आहे.

इतकी वर्षं मला वाटत होतं, बहिणीने माझी जगभर थट्टा केली. आता कळतं की थट्टा करण्याइतकंही तिला माझ्यात काही दिसलं नाही. आधीचा राग बरा होता गं. त्यात मी तरी होतो. आता मी येऊन तिच्यासमोर बसू आणि बोलू काय? विचार तिला, मी तिचा कोण लागतो ते.

अँब्रोझ


सँडहेवन,
८ ऑगस्ट १९३४

प्रिय काका,

आत्याला विचारलं. तिने सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते.

तुम्ही तिच्या प्रत्येक पुस्तकात होता. पहिल्या खर्ड्यात दर वेळी तुम्ही असायचा, अगदी नाक-डोळ्यांसकट. आणि दर वेळी प्रकाशक त्या पानांवर काट मारून परत पाठवायचे. म्हणायचे, बाकीचे सगळे पटतात, पण असा भला आणि असा हट्टी माणूस एकाच कातडीत असतो हे वाचकाला खरं वाटणार नाही. ती प्रकाशकाशी भांडली, पण त्यांनी ऐकलं नाही.

आता आणखी एकही पत्र नको. मला तुमचं अक्षर नको, तुम्ही हवे आहात. डॉक्टर हल्ली गुलाबांबद्दल बोलत नाहीत.

थिओ


नेदर कॉम्बली,
३ सप्टेंबर १९३४

प्रिय थिओ,

घरी पोचलो. तू मला स्टेशनावर सोडायला आलीस तेव्हा मी गाड्यांचं वेळापत्रक वाचत राहिलो आणि तू काही विचारलं नाहीस. आता लिहितो.

तू दार ओढून घेतलंस. मी खुर्ची घेतली आणि पहिलंच वाक्य बोललो, ‘त्या प्रकाशकाचं काही मनावर घेऊ नकोस, विनी.’ ती म्हणाली, ‘कोणत्या प्रकाशकाचं?’ मी तुझं सगळं सांगितलं. ती इतकी हसली की मला वाटलं आता डॉक्टरांना बोलवावं लागतंय. म्हणाली, ‘ही पोरगी माझ्यापेक्षा चांगलं लिहील. अँब्रोझ, मी तुझ्यावर एक ओळसुद्धा कधी लिहिलेली नाही.’

मी टोपी उचलली. खरंच उचलली होती.

‘बस खाली,’ ती म्हणाली. लहानपणी म्हणायची तसंच. मग धापा टाकत, थांबत थांबत बोलली. ती म्हणाली, ‘ज्याला मी कागदावर उतरवलं ना, तो माझ्याकडून गेला. आई गेल्यावर तिचा चेहरा आठवायला बसले तर दिसली ती माझ्या पुस्तकातली बाई. वॉल्टरचंही तेच झालं. त्याचं व्हायोलिन मी लिहिलं तसंच ऐकू येतं, तो खरा कसा वाजवायचा ते गेलं. सगळे गेले. एक माणूस तरी मला होता तसा हवा होता, म्हणून तुला हात लावला नाही.’

थिओ, तुझ्या बाबांचं तुला लिहावं की नाही, असं झालं. पण तिने सांगितलेलं मी आता गाळणार नाही.

मी विचारलं, ‘मग ती तळ्यातली उडी?’ ती म्हणाली, ‘उडी लोकांना दिली. उडी मारणारा ठेवून घेतला.’

मी म्हटलं, ‘खिडकी बंद करू का, वारा येतोय.’ ती म्हणाली, ‘कर.’ मी केली. मग आम्ही रुबार्बला राख घालावी की नाही यावर भांडलो. तू चहा घेऊन आलीस तेव्हा आमचं तेच चाललं होतं. तुला वाटलं असेल, पुन्हा बिनसलं. आयुष्यात माझी इतकी चांगली दुपार गेली नव्हती.

गाडीत बसल्यावर मात्र मोठ्याने रडलो. समोर एक बाई होती, तिने तोंड फिरवून शेतं पाहिली, देव तिचं भलं करो.

तू खोटं लिहिलंस. त्याबद्दल तुझा आभारी आहे. प्रदर्शन आटपलं की या महिन्याअखेर पुन्हा येतो, चांगला आठवडाभर राहायला. काल वाफ्यातली बशी कोरडी दिसली. तुझी काकू चर्चमध्ये फुलं लावायला गेली होती, मीच भरून ठेवली.

तुझा,
अँब्रोझ काका


सँडहेवन,
८ ऑक्टोबर १९३४

प्रिय काका,

आत्याला पोचवून तुम्ही सगळे परत गेलात आणि घर फार मोठं वाटायला लागलं. तुमच्या त्या आठवड्याआधीच ती गेली, याचं वाईट मला तुमच्याइतकंच वाटतं. तुम्ही बॅग भरून ठेवली होती, असं काकू सांगत होती.

आता एक कटकट आहे. लंडनच्या वर्तमानपत्रात मोठा लेख आलाय. त्यात छापलंय की ‘लेखिकेचे बंधू मेजर ऑल्डरशॉ हेच अजरामर कर्नल हॅमरटन होत.’ त्यांना तुमचा भोपळ्यासह फोटो हवा आहे. प्रकाशक नव्या आवृत्तीत तो घालू म्हणतात. आत्याचे कागद आता माझ्या हाती आहेत, माझा शब्द ते मानतील. मी चार ओळी लिहून हे कायमचं खोडून काढू का? काकूचं नाव येऊ देणार नाही. तुम्ही म्हणाल तसं करते.

तुमची,
थिओ


नेदर कॉम्बली,
२ नोव्हेंबर १९३४

प्रिय थिओ,

खोडू नकोस. मी नाही म्हटलं की लोक विचारणार, मग कोण? आणि लोक शोधायला लागले की त्यांना आमच्या नाश्त्याच्या टेबलापर्यंत यायला वेळ लागणार नाही.

शिवाय आता उशीर झालाय. फोटोवाले येऊन गेले. दर शनिवारी माणसं येतात, सायकलींवरून, एकदा तर बस भरून आली. तुझी काकू नवी हॅट घालून फाटकाशी उभी असते आणि त्यांना आत घेते. ‘इथे, याच वाफ्यात,’ म्हणते, ‘आणि मी पहिल्यापासून म्हणत होते की हे हेच आहेत.’ पुस्तक तिने अजून वाचलेलं नाही. तिला इतकं खूश मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. ती रांगेत उभं करून सगळ्यांच्या बुटांवरचा चिखल तपासते, आणि ते बिचारे माझ्याकडे बघून हसतात. वाण्यानेसुद्धा परवा टोपी काढली. म्हणाला, ‘नमस्कार, कर्नल.’ मी मान हलवली.

काल एक म्हातारी बाई आली होती, फार लांबून. तिने पिशवीतून उकडलेलं अंडं काढून माझ्या पुढ्यात ठेवलं आणि लाजत म्हणाली, ‘एकदा करून दाखवाल का?’ मी चमचा घेतला. टक, टक, टक. वाक्यही म्हटलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, ‘तुमच्या बहिणीने तुम्हाला किती नेमकं ओळखलं होतं!’

मी हो म्हटलं.

सगळ्या जगाला आता पक्कं ठाऊक आहे की मी कर्नल आहे. मी कर्नल नाही हे जिला ठाऊक होतं, तिला मी इतकी वर्षं भेटलो नाही, मीच कर्नल आहे म्हणून.

तुझा,
अँब्रोझ काका